चिमणीचं लाकडी घर + फीडर कॉम्बो : दोन वर्षं वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय. कारण या वस्तूंचे जे रिव्ह्यू दिसतात ते सगळे बॉक्स हातात पडल्या पडल्या लिहिलेले असतात, पॅकिंग छान, फिनिशिंग छान, पाच स्टार, आणि त्यात चिमणी आली का नाही हे कुणीच लिहीत नाही. मी २०२३ च्या मार्चमध्ये मागवलं होतं, ६४९ रुपयांना, एक लाकडी घर, एक प्लास्टिकचा फीडर आणि सोबत अर्धा किलो दाण्याचं पाकीट. वीस मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, २०१० पासून साजरा होतो, आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने सुरू केलेला, आणि त्या आठवड्यात ऑनलाइन सगळीकडे अशा कॉम्बोच्या ऑफर लागतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर शोधलं तेव्हा तेच घर, तोच फोटो, चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला होता. त्यामुळे नावापेक्षा माप बघा.

आधी आम्ही राहतो कुठे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलुंड पूर्वेला जुन्या तीन मजली बिल्डिंगचा तळमजला, खिडकीबाहेर साधारण पंधरा बाय आठ फुटांची बाग, आईनेच लावलेली. मी शाळेत होते तेव्हा मेंदीचं कुंपण होतं, पार खांद्याएवढं दाट, संध्याकाळी पाच-साडेपाच वाजले की त्याच्यात चिमण्यांचा इतका गोंधळ चालायचा की घरात टीव्हीचा आवाज वाढवायला लागायचा. मीटरबॉक्सच्या वर एक घरटं, जिन्यातल्या ट्यूबलाइटच्या मागे एक, आणि हॉलमधल्या आजोबांच्या फोटोमागे एक, फोटो भिंतीला तिरका लावलेला ना, त्या फटीत. पिल्लं असली की आई फॅन लावू द्यायची नाही, मे महिन्यात सुद्धा. एकदा एक चिमणी फॅनमध्ये सापडली होती त्यानंतरचा हा नियम. जास्वंदीला शिंपी पक्षी यायचा, दोन पानं शिवून घरटं करायचा, दयाळ पहाटे समोरच्या टाकीवर बसून गायचा, शिंजीर तर कपडे वाळत घालायच्या तारेला लोंबतं घरटं करायचा.

मग हळूहळू सगळं गेलं. एका दिवसात नाही, म्हणूनच कळलं नाही. सोसायटीने मेंदी काढून जाळी लावली, मागच्या मातीवर पेव्हर ब्लॉक टाकले, मीटरबॉक्स बंद डब्यात गेले, स्लायडिंगच्या खिडक्या आल्या, समोरच्या दोन बिल्डिंगा रीडेव्हलपमेंटला गेल्या आणि तिथे बावीस मजले उभे राहिले ज्यांच्या भिंतीला चिमणीचं नख टेकेल अशी एक फट नाही. राहिले कावळे आणि पारवे. करोनानंतर आई एक दिवस म्हणाली, अगं सकाळी मला चिमणीचा आवाज ऐकून किती महिने झाले, माझे कान गेलेत का. कान नव्हते गेले. तेव्हा मी हे घर मागवायचं ठरवलं.

आता वस्तूबद्दल. दिसायला फार गोड आहे, झोपडीसारखं, लाल छप्पर, बाहेरून पिवळा रंग, दारासमोर एक छोटी दांडी, वर टांगायला सुतळी. आणि यातली प्रत्येक गोष्ट चुकीची आहे. हे मला तेव्हा कळत नव्हतं, एक सीझन गेल्यावर कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी चूक भोकाची. चिमणीला ३२ मिलीमीटरचं भोक पुरतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलीमीटरचं असतं, म्हणजे त्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. एवढ्यातून चिमणी सुळकन आत जाते आणि साळुंकी जाऊ शकत नाही. या घराचं भोक मी नंतर पट्टी लावून मोजलं तर पन्नास मिलीमीटर, दोन इंच. आम्ही टांगल्यावर तीन आठवड्यांनी चिमणा-चिमणीची जोडी आली होती हो! चिमणा दोन दिवस नुसता छपरावर बसून ओरडत होता, मग काड्या आणायला लागला, खराट्याचे तुकडे, दोऱ्याची गुंडी, पारव्याचं एक पीस, आईने तर मुद्दाम खराटा बाहेर मोकळा करून ठेवला त्याच्यासाठी. पंधरा दिवसांनी साळुंक्या आल्या. एक दांडीवर बसली, डोकं आत घातलं, आणि काड्या बाहेर फेकायला लागली. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी, हाकलायला बाहेर जाईपर्यंत खाली फरशीवर अंडं पडलेलं होतं, पांढुरकं, तपकिरी ठिपक्यांचं, बोराएवढं. दोन होती बहुतेक, दुसऱ्याचं टरफल तेवढं सापडलं. चिमणी समोरच्या तारेवर बसून जे ओरडत होती ते मला अजून ऐकू येतं. त्या दिवशी आई जेवली नाही नीट.

ती दारासमोरची दांडी, ती पण चिमणीला नको असते. चिमणी थेट भोकाच्या कडेला येऊन चिकटते आणि आत जाते, दांडीचा उपयोग होतो तो साळुंकीला, कावळ्याला, खारीला, आरामात बसून आत हात घालायला. फोटोत गोंडस दिसते म्हणून लावतात. टांगायची सुतळी तशीच, घर वाऱ्यावर गरगर फिरतं, चिमणीला हलतं घर नको असतं, भिंतीला पक्कं बसवलेलं पाहिजे. आत सुद्धा पॉलिश मारलंय, वास महिनाभर जात नव्हता, आणि गुळगुळीत झाल्यामुळे पिल्लाला आतून भिंतीला नखं रोवून वर चढता येत नाही. तळाला पाणी निघायला भोकं नाहीत. साफ करायला उघडत नाही, सगळं खिळ्यांनी ठोकून बंद, म्हणजे एकदा वापरलं की जुनं घरटं, किडे, घाण सगळं आतच. आणि लाकूड म्हणतात ते लाकूड नाहीच, पातळ प्लाय आहे, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छप्पर फुगलं आणि जुलैत पापुद्रे सुटले. मी फोटो काढून कंपनीला पाठवले, भोकाचं माप पण लिहिलं, तर उत्तर आलं की रिटर्नची मुदत सात दिवसांची होती. मी पैसे मागितलेच नव्हते, माप बदला एवढंच म्हटलं होतं. त्याला उत्तर नाही.

फीडर. हा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, खाली गोल ताटली, दाणे आपोआप उतरतात. चिमण्या एकदा-दोनदा आल्या असतील, चौथ्या दिवसापासून पारवे. आधी दोन, मग नऊ, मग मोजणं सोडलं. ताटलीची कडा इतकी रुंद आहे की पारवा आरामात बसतो, पंखांनी सगळं खाली सांडतो आणि मग खाली अजून पारवे. खिडकीच्या ग्रिलवर विष्ठा, वरच्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे, त्या बिचाऱ्या भांडल्या नाहीत पण त्यांनी खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली ते बघून मलाच कसंतरी झालं. पारव्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसाचा त्रास होतो हे डॉक्टर सांगतातच, मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा गदारोळ झाला तो सगळ्यांनी बघितलाय. म्हणून फीडर मी सहा आठवड्यांतच काढून माळ्यावर टाकला होता. ज्यांच्याकडे पारवे आहेत, म्हणजे मुंबईत सगळ्यांकडेच, त्यांनी हा घेऊच नका. पक्ष्यांना मदत म्हणून आणतो आणि जो पक्षी आधीच सगळीकडे झालाय त्यालाच अजून वाढवतो.

दाण्याच्या पाकिटात बाजरी आणि राळा निम्म्याहून कमी, बाकी सूर्यफुलाच्या बिया, केशरी गोळ्या आणि काहीतरी भुकटी. चिमण्यांनी फक्त बाजरी आणि राळा निवडून खाल्ला, उरलेल्याला पावसात बुरशी आली. वाण्याकडून बाजरी आणा, स्वस्त पडते आणि काय आहे ते कळतं.

आणि सोबत एक रंगीत पत्रक येतं, त्याबद्दल लिहायलाच पाहिजे कारण लोक ते वाचून पुढे पाठवतात. त्यात लिहिलंय चिमणी नामशेष होत चालली आहे आणि कारण मोबाइल टॉवर. दोन्ही बरोबर नाही. आपल्याकडे स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स नावाचा अहवाल २०२० ला आला, देशभरच्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून केलेला, त्यात चिमणीची संख्या देशभरात मिळून पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे असं निघालं, पण मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद या सहा मोठ्या शहरांत ती कमी होत गेलीय. टॉवरच्या रेडिएशनमुळे चिमण्या गेल्या याला ठोस पुरावा नाही. म्हणजे माझ्या मावशीच्या गावात, संगमेश्वरजवळ, पडवीत अजून चिमण्या उड्या मारतात आणि आमच्या मुलुंडात नाहीत, हे काय आमच्या कानाचं नाही आणि सगळ्या जगाचं पण नाही, हे आमच्या दारातलं आहे. टॉवरला दोष दिला की सोपं होतं, आपल्याला काही करायला लागत नाही. कुंपणाची मेंदी कुणी काढली हे विचारायला लागत नाही.

खरं कारण मला कळलं ते पुढच्या वर्षी, आणि इथे या रिव्ह्यूचा दुसरा भाग सुरू होतो, कारण मी दुसरं घर घेतलं.

समोरची बिल्डिंग पाडली तेव्हा तिथल्या जुन्या दारांच्या चौकटी एका वखारीत गेल्या होत्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे सुतारकाका, त्यांना मी माप लिहून दिलं, त्यांनी त्यातलाच एक सागवानी तुकडा आणून घर करून दिलं. साडेचारशे रुपये घेतले. पाऊण इंच जाडीची फळी, तळ सहा बाय सहा इंच, उंची नऊ इंच, भोक ३२ मिलीमीटर आणि तळापासून सहा इंच वर, म्हणजे मांजर-कावळ्याला आत हात घातला तरी पिल्लापर्यंत पोचत नाही. छप्पर पुढे उतरतं आणि दोन इंच बाहेर काढलेलं, बिजागरी लावून वर उघडतं. तळाला चार कोपऱ्यांत पेन्सिल जाईल एवढी भोकं. आतून रंधा मारलेला नाही, मुद्दाम खरखरीत ठेवलंय. दांडी नाही. रंग नाही. काका म्हणाले, ताई, निदान बाहेरून तरी पॉलिश मारतो, असं बोडकं कसं देऊ. नको म्हटलं. फिशर ठोकून स्क्रूने भिंतीला बसवलं, पूर्वेच्या बाजूला, छज्जाच्या खाली, दहा फुटांवर, दुपारचं ऊन येत नाही तिथे. बाजारातलं घर पश्चिमेला टांगलं होतं मी, एप्रिलच्या दुपारी आत हात घातला असता तर भाजला असता.

एवढं सगळं बरोबर करून २०२४ ची फेब्रुवारी गेली, मार्च गेला, एप्रिल गेला, घर रिकामं. चिमणा यायचा, भोकात डोकवायचा, जायचा. मला कळेना. मग एका ओळखीच्या पक्षीनिरीक्षकांनी घरी येऊन बघितलं, घराकडे बघितलंच नाही त्यांनी जास्त, बागेत उकिडवे बसले आणि पानं उलटी करून बघायला लागले. म्हणाले, इथे खायला काय आहे? मी म्हटलं बाजरी टाकते रोज. ते म्हणाले, पिल्लाला?

हे मला माहीतच नव्हतं. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस तरी दाणे चालत नाहीत, त्यांना अळ्या, मावा, कोळी, नाकतोडे असलं मऊ प्रथिनांचं खाणंच लागतं. इंग्लंडात लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांवर अभ्यास झाला होता, तिथे हेच दिसलं की पिल्लांना किडे कमी पडले की ती घरट्यातच मरतात, पाव-दाणे असूनसुद्धा. ब्रिटनमध्ये तर चिमणी २००२ पासून चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत आहे, ज्या देशात घराघरात फीडर टांगलेले असतात तिथे. आणि आमच्या बागेत काय होतं? सोसायटीने दिलेलं सजावटीचं, गोल्डन ड्युरांटाची बॉर्डर, कार्पेट लॉन, दोन पाम, आणि पेस्ट कंट्रोलवाला दर पंधरा दिवसांनी फवारणी करून जायचा. पानं इतकी स्वच्छ होती की एकाला भोक नाही. मला आवडायचं ते, खरंच सांगते, मी माळीकाकांना एक कुरतडलेलं पान दिसलं तरी दाखवायचे.

आम्ही आमच्या तुकड्यातली फवारणी बंद करून घेतली, त्यासाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा बोलावं लागलं, डासांचं काय हा प्रश्न बरोबरच होता, तर साचलेलं पाणी दर आठवड्याला मी स्वतः बघीन असं लिहून दिलं. लॉन काढलं. कढीपत्ता लावला, लिंबू लावलं, जाळीच्या आतून परत मेंदी लावली, जास्वंद होतीच, वालाचा वेल सोडला. एका कोपऱ्यात दोन फूट माती कोरडी उघडी ठेवली, चिमण्या तिथे धुळीत अंघोळ करतात. मातीचं परळ ठेवलं पाण्याचं, अंगठा बुडेल एवढंच खोल, रोज सकाळी पाणी फेकून नवीन. कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या पडल्या तेव्हा आईने फोडणीसाठी पानं तोडणं बंद केलं, बाजारातून आणते म्हणाली, ही त्यांची.

२०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटी जोडी आली. त्याच सागवानी घरात. काड्या, खराटा, दोरा, सगळं परत. साळुंकी आली, भोकावर दोन-तीनदा चोच मारली, डोकं घातलं, खांद्याला अडकली, गेली. आई टाळ्या वाजवत होती आत. मग दहा-बारा दिवस सगळं शांत, दोघं आळीपाळीने आत बसायचे, आणि एका सकाळी आतून अगदी बारीक किर्र असा आवाज. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले. खिडकीत बसून अर्धा तास मोजलं, दोघांच्या मिळून चौदा फेऱ्या. चिमणी वालाच्या वेलात शिरायची, पानाखालून काहीतरी उचलायची, चोचीत हिरवी अळी आडवी धरलेली, आधी तारेवर बसून इकडेतिकडे बघायची, मग सरळ भोकात. येताना चोचीत पांढरी पिशवी, पिल्लांची शी, ती लांब नेऊन टाकायची. एकदासुद्धा दाणा नेला नाही तिने पिल्लांना त्या पहिल्या आठवड्यात, खाली बाजरी पडलेली असून. तीन पिल्लं उडाली. मेच्या सुरुवातीला त्याच घरात दुसरी वीण, तेव्हा दोन.

आणि नुसत्या चिमण्या नाही. वालावर मावा पडला तर चष्मेवाले आले, छोटे, डोळ्याभोवती पांढरी कडी असलेले, पाच-सहा एकदम. जास्वंदीत शिंपी परत शिवायला लागलाय. बुलबुल आईच्या मनीप्लांटच्या कुंडीत. दयाळ अजून नाही आला. त्याची मी वाट बघतेय.

आता हिशोब. बाजारातल्या लाकडी घराला पाचपैकी एक, तोही याच्यासाठी की दुरुस्त करता येतं. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी टाकून देऊ नका, ३२ मिलीमीटरचं भोक पाडलेली प्लायची चकती पुढून स्क्रूने बसवा, सुतार पाच मिनिटांत करून देतो, दांडी कापा, तळाला ड्रिलने भोकं पाडा, सुतळी काढून भिंतीला ठोका, छपरावर पत्र्याचा तुकडा मारा. आमचंही तसंच केलंय, आता ते भाच्याकडे ठाण्याला आहे, तिथे अजून कोणी आलेलं नाही पण त्याच्या गॅलरीत झाड एकच आहे, ते पण प्लास्टिकचं, ते मी त्याला बोललेय. फीडरला शून्य. दाण्याच्या पाकिटाला शून्य. सुतारकाकांच्या घराला पाचपैकी पाच, आणि खरंतर त्यातले तीन कढीपत्त्याला आणि वालाला द्यायला पाहिजेत.

एक राहिलं, साफसफाई. वीण संपल्यावर, पिल्लं उडून दोन-तीन आठवडे कोणी येत-जात नाही याची खात्री करून मगच छप्पर उघडायचं, मास्क लावून, जुनं घरटं काढायचं, गरम पाणी ओतून उन्हात वाळवायचं, औषध काही मारायचं नाही. मी सप्टेंबरमध्ये काढलं. आत खराट्याच्या काड्या होत्या, आईच्या जुन्या साडीचा धागा होता, हिरवा, आणि चॉकलेटच्या चांदीचा एक तुकडा. आईने तो धागा ओळखला.

चिमण्यांना शेजार लागतो, एकट्या जोडीला करमत नाही, म्हणून काकांना त्याच मापाची अजून दोन सांगितलीत, पहिल्यापासून तीन-चार फुटांवर लावायला. वखारीत त्या चौकटींपैकी एक उभी पट्टी अजून शिल्लक आहे म्हणाले, ती राखून ठेवा म्हटलं. जानेवारीत बसवणार.